बघितल्याशिवाय पुसायचं न्हाय

त्यांचे नाव मी लिहिणार नाही. लिहिले तर त्यांना राग येईल अशी भीती नाही. उलट ते हा मजकूर पन्नास जणांना दाखवतील, आणि त्या पन्नासांपैकी निम्मे मला ओळखतात. शिवाय नावाने त्यांना कोणी ओळखतही नसे. बारामतीत त्यांना ‘गिरणीवरचे’ म्हणत. इंदापूर रस्त्याला एक पिठाची गिरणी होती, तिच्या माथ्यावर त्यांची खोली. लग्नाच्या व्हिडिओचे मिक्सिंग करणे हा त्यांचा व्यवसाय. चित्रीकरण दुसऱ्याने करायचे. त्यातले काय ठेवायचे, काय गाळायचे आणि कशापुढे काय जोडायचे, हे यांनी ठरवायचे. ‘मिक्सिंग’ या शब्दाने या कामाचे नीट वर्णन होत नाही, असे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले.

“व्हय,” ते म्हणाले. “पर पाटीवर एवढंच मावलं.”

खाली गिरणी सुरू झाली की वरची खोली थरथरत असे. टेबल, संगणकाचा पडदा, पाण्याचा तांब्या, सर्व काही. दुसऱ्या कोणी जागा बदलली असती. यांनी त्या थरथरीचा नियम केला. गिरणी चालू असताना तुकडे कापायचे नाहीत, फक्त गोळा करायचे. कापताना हात हलला तर चूक होते, गोळा करताना झालेली चूक सोडवता येते, असे त्यांचे म्हणणे. सकाळची ज्वारी-बाजरीची दळणे संपेपर्यंत ते नुसते निवडत आणि बांधत. दुपारी गिरणी थांबली की कापायला बसत.

पुढे ती गिरणी बंद पडली. आता निवांतपणे काम होईल, म्हणून मी त्यांचे अभिनंदन करायला गेलो, तर ते सामान बांधत होते. इंदापुरात दुसऱ्या एका गिरणीवर त्यांना खोली मिळाली होती.

“शांततेत मला घाई सुटती, साहेब,” ते म्हणाले.

घरी येऊन मी पत्नीला त्यांचे हे वाक्य ऐकवले आणि म्हणालो, हा माणूस वेडा आहे. ती म्हणाली, “तुम्हाला शांततेत काय सुटते, ते एकदा मला विचारा.”

मी पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षे काढली. कोणत्या चारीला, किती वाजता, किती तास पाणी सोडायचे, हे कागदावर लिहिणे आणि लिहिल्याप्रमाणे सोडणे, हे माझे काम. लोकांना पाणी मिळाले, आणि मला दुसरे काही करता येईनासे झाले. निवृत्तीनंतर जळोचीला घर बांधले. तिथे चारी नसल्यामुळे मी घरातल्यांना पत्रके काढून देऊ लागलो. ती कोणी पाळत नसे.

नातीचे लग्न झाले आणि ती हैदराबादला गेली. छायाचित्रकाराने अकरा तासांचे चित्रीकरण एका डबीत भरून दिले. नातीचा फोन आला: “आजोबा, अकरा तास कोण बघणार? तुम्ही रिकामेच असता. एक तासाचा करून घ्या ना. दिवाळसणाला आम्ही सगळे येऊ, तेव्हा बघू.” ‘रिकामेच’ हा शब्द मला लागला, म्हणून मी होकार दिला.

गिरणीचा जिना चढून मी खोलीत पाऊल ठेवले. पन्नाशी उलटलेले, अंगाने किरकोळ, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेले गृहस्थ पडद्यासमोर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले आणि जुनी ओळख असल्यासारखे हसले.

“या, घड्याळवाले.”

मी म्हणालो, “आपली भेट झालेली नाही.”

“तुमची न्हाय झाली. माजी झालीया. आठ लग्नांत बघितलंय तुमाला. नवरीच्या गळ्यात हार पडतोय, आन् तुमी मनगट बघताय. आठीच्या आठी लग्नांत.”

ही त्यांची रीत होती. ते स्वतः कोणाच्या लग्नाला जात नसत. गर्दीत काही दिसत नाही, लग्न खोलीत बसून बघावे, असे सांगत. पण बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतली निम्मी माणसे त्यांना चालण्या-बोलण्यासकट पाठ होती, आणि त्या माणसांना यांचा पत्ता नसे. एकदा एसटी स्थानकावर मी त्यांच्याबरोबर उभा होतो. मोरगावच्या गाडीतून एक वृद्ध बाई उतरल्या. हे पुढे झाले आणि म्हणाले, “मावशी, गुडघा कसा हाय आता? गेल्या लग्नात पायरी चढताना लय कळवळला व्हता.” बाईंनी पिशवी छातीशी धरली आणि मोठ्याने विचारले, “कोण रं तू मुडद्या?” आजूबाजूची माणसे जमली. मी चार पावले बाजूला सरकून वेळापत्रक वाचू लागलो. नातेवाइकांना ओळख न दाखवण्याचा मला सराव होता. तो तेव्हा उपयोगी पडला.

कामातही त्यांची हीच तऱ्हा. इतर मिक्सिंगवाले हळद, विधी, भोजन, पाठवणी असे भाग करतात. हे माणसांचे भाग करत. एकसारखी वागणारी सगळी माणसे शोधायची, त्यांचे तुकडे एकत्र बांधायचे, आणि त्या ग्रुपला नाव द्यायचे. पडद्याच्या कडेला ही नावे ओळीने दिसत: ‘खरे रडलेले’, ‘दाखवायला रडलेले’, ‘जेवणावर डोळा’, ‘रुसून आलेले’, ‘फोटोत मधी येणारे’. ‘घड्याळवाले’ या ग्रुपात मी एकटाच होतो. त्याला रंग लाल दिला होता.

हे काम असल्या माणसावर सोपवणे मला धोक्याचे वाटले. मी म्हणालो, मला शिकवा, मी स्वतः करीन. त्यांनी एक तिवई ओढली आणि शेजारी ठेवली.

शिकवले ते असे. कंट्रोलचे बटण दाबून धरायचे आणि हवा तो तुकडा निवडायचा, मग दुसरा, मग तिसरा. सगळे निवडून झाले की ग्रुप करायचे. त्यानंतर त्यातल्या एकाला हात लावला की सगळे हलतात. एक पुढे नेला की सगळे पुढे जातात. एक पुसला की सगळे पुसले जातात. “कुणाला कुणासंगं बांदलंय ते ध्येनात ठेवायचं,” ते म्हणाले. “एवढंच काम हाय. बाकीचं मशीन करतंय.”

एवढेच काम आहे म्हटल्यावर मी दोन दिवसांत सगळे उरकायचे ठरवले. घरून लग्नपत्रिका नेली. पत्रिकेत प्रत्येक कार्यक्रमाची वेळ छापलेली होती, आणि चित्रीकरणाच्या प्रत्येक तुकड्यावरही वेळ होती. मी दोन्ही शेजारी ठेवून मेळ घातला. मुहूर्त बारा वाजून एकतीस मिनिटांचा. त्या वेळचे जे काही होते ते ‘विवाह’ या ग्रुपात बांधले. दोन वाजता भोजन. त्या वेळचे सर्व ‘भोजन’ या ग्रुपात. मग भोजन हा भाग दुय्यम आहे असे ठरवून तो ग्रुप उचलला आणि चित्रफितीच्या अगदी शेवटी नेऊन ठेवला. छत्तीस वर्षांच्या अनुभवाचे चीज झाले, असे वाटले.

दुपारी गिरणी थांबल्यावर त्यांनी ते लावून पाहिले. बारा एकतीसला नवरदेव मारुतीच्या देवळाबाहेर घोड्यावर होता आणि मित्र बँडसमोर नाचत होते. मंगलाष्टका प्रत्यक्षात दोन वाजून दहा मिनिटांनी झाल्या होत्या. त्या भोजनाबरोबर बांधल्या गेल्या आणि भोजनाबरोबर शेवटाला गेल्या. म्हणजे माझ्या चित्रफितीत नात आधी रडत सासरी गेली, आणि नंतर तिचे लग्न लागले.

“साहेब,” ते म्हणाले, “पोरगी सासरी लावली, आन् मग अक्षता टाकल्या. जमाना पुढं गेलाय, पर एवढा न्हाय.”

“पत्रिकेप्रमाणे आहे,” मी म्हणालो.

“पत्रिकेपरमाणं कुणाचं लगीन लागलंय? तुमचं तरी लागलं व्हतं का?”

मी आठवून पाहिले. लागले नव्हते.

त्यांनी न रागावता माझे सगळे ग्रुप सोडवले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिवईवर जाऊन बसलो.

आता मला ज्या गोष्टीकडे यायचे आहे, ती माझ्या धाकट्या भावाची. आमचे मूळ गाव पळसदेव. मी शिकून नोकरीला लागलो, तो गावीच राहिला. शेती करतो, धरणाच्या पाण्यात जाळे टाकतो. मी ‘आहे’ म्हणतो, तो ‘हाय’ म्हणतो. आमच्या आईला दोन्ही कळत असे. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या मुलाचे लग्न निघाले. पत्रिकेत निमंत्रकांच्या यादीत माझे नाव त्याच्या साडूच्या नावाखाली छापून आले. तो म्हणाला, छापखान्याची चूक. मी विचारले, प्रूफ कोणी पाहिले? तो म्हणाला, प्रूफ म्हंजे काय? मी मांडवातून न जेवता परत आलो, आणि माझ्या दारात पाऊल टाकू नकोस, असे त्याला सांगून आलो. नऊ वर्षे त्याने पाऊल टाकले नाही. त्याने माझे ऐकले, याचाही मला राग होता.

नातीच्या लग्नाला त्याला पत्नीने परस्पर बोलावले. तो आला. मी त्याच्याकडे पाहिले नाही. आता चित्रीकरणात तो जागोजागी दिसू लागला, तेव्हा त्याला काढून टाकायचे मी ठरवले आणि घरी तसे जाहीर केले.

पत्नी भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. “भाऊजी त्यात दिसले नाहीत, तर दिवाळीला टीव्ही बंद राहील. आणि विहीणबाईंनी विचारले, की नवरीचे धाकटे आजोबा कुठे आहेत, तर उत्तर तुम्ही द्यायचे. तुम्ही चौऱ्याहत्तरचे झालात, ते सत्तरचे. किती दिवस चालवणार आहात?”

मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, “कालवण पुढ्यात आहे, घ्या.”

दुसऱ्या दिवशी मी गिरणीवर गेलो आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणालो, “या गृहस्थांना काढायचे आहे.”

त्यांनी चष्मा लावला. “कोण हायती?”

“नात्यातले.”

“जवळचं का लांबचं?”

“लांबचे.”

त्यांनी पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. “नाक तर एकाच साच्यातलं दिसतंय. असू द्या. काढू की. पर हितं काढायचा कायदा हाय.”

त्या कायद्यामागे एक आत्या होत्या. एका लग्नात नवरदेवाच्या आत्या जेवताना तोंड भरून हसत होत्या. ते बरे दिसत नाही, म्हणून यांनी तो तुकडा काढून टाकला. आत्या संपूर्ण चित्रफितीत तेवढ्या एकाच जागी होत्या. चित्रफीत पाहून झाल्यावर त्या पहिल्या गाडीने बारामतीला आल्या, भाकरीचे गाठोडे घेऊन जिना चढल्या आणि खोलीत बसल्या. “मी लग्नाला आल्ते का न्हवते, एवढं सांग,” असे त्या दर तासाने विचारत. मूळ चित्रीकरण पुसून झाले होते. दोन दिवस त्या हलल्या नाहीत. शेवटी यांनी त्यांना खुर्चीवर बसवले, हातात जिलेबी दिली, पाठीमागे मांडवाचा पडदा टांगला, चित्रीकरण केले आणि ते जोडून दिले. तेव्हापासून त्यांचा नियम झाला: बघितल्याशिवाय पुसायचं न्हाय. ज्याला माणूस काढायचा आहे, त्याने स्वतःच्या हाताने त्या माणसाचे सगळे तुकडे गोळा करायचे, एकत्र बांधायचे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा पाहायचे, मग पुसायचे.

“एकबी तुकडा ऱ्हाता कामा न्हाय,” ते मला म्हणाले. “एक ऱ्हायला तर मधीच दिसंल, आन् लोक इचारतील.”

हा युक्तिवाद मला पटला. काम पूर्ण करणे हा माझा स्वभाव आहे. चार दिवस, सकाळी गिरणी चालू असताना, मी अकरा तासांचे चित्रीकरण चाळले. फक्त एक चेहरा शोधायचा होता, त्यामुळे बाकी काही पाहिले नाही. तो सापडला की बटण दाबायचे आणि पुढे जायचे. बहुतेक तुकडे पाच-दहा सेकंदांचे. तो कडेला, मागे, कोणाच्या तरी खांद्याआड. एकेचाळीस निघाले. मी ते एकत्र बांधले आणि म्हणालो, “झाले.”

“लावा मग,” ते म्हणाले, आणि शेंगा सोलू लागले.

सहा मिनिटांचे होते. पहिल्या तुकड्यात मी मांडवात शिरतो आणि तो खांबाआड होतो. दुसऱ्यात मी चपला काढून आत जातो. तो वाकतो, माझ्या चपला गर्दीतून उचलतो आणि कडेला भिंतीशी नेऊन ठेवतो. पुढच्यात मी खुर्चीत बसलेलो, ऊन माझ्या तोंडावर आलेले. मी उठून कोणाला तरी भेटायला जातो, तेवढ्यात तो माझी खुर्ची सावलीत सरकवतो. मी परत येतो, बसतो, घड्याळ पाहतो. पुढच्यात तो एका बाईच्या हाती पाण्याचा पेला देतो आणि माझ्याकडे बोट दाखवतो. मी पाणी पितो, घड्याळ पाहतो. कुटुंबाचे छायाचित्र काढताना तो नातीच्या मागे उभा असतो. मी येताना दिसताच मुकाट्याने चौकटीबाहेर जातो. पंगतीत मी बसेपर्यंत तो उभा राहतो, आणि मग माझ्या पाठीला पाठ लावून मागच्या ओळीत बसतो. एका तुकड्यात तो थेट कॅमेऱ्याकडे पाहतो, आणि बँडच्या आवाजातही त्याचे शब्द ऐकू येतात: “मला काय घेताय? दादाला घ्या.”

एकेक तुकडा पाहताना यातले काहीच माझ्या लक्षात आले नव्हते. बांधून सलग पाहिल्यावर दिवसभर एक माणूस दुसऱ्याच्या दहा पावलांच्या आत वावरताना दिसला, आणि दुसरा घड्याळ पाहताना.

माझे बोट पुसायच्या बटणावर होते. तो हात मी उचलला आणि गुडघ्यावर ठेवला.

त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि विचारले, “काय करायचं?”

“हे त्या एका तासात बसवा.”

“समदं?”

“बसेल तेवढे.”

“मग तुमचं घड्याळ कापावं लागंल, साहेब.”

“कापा.”

“ग्रुपला नाव काय देऊ? लांबचं नातं?”

नाव दिले नाही तर मशीन आपणच आकडा घालते. त्या ग्रुपला सतरा हा आकडा मिळाला. त्यांनी तो तसाच राहू दिला. त्यांच्या खोलीत बिननावाचा ग्रुप मी दुसरा पाहिला नाही.

जिना उतरताना त्यांनी वरून हाक मारली. “साहेब, त्यांस्नी मी आदीच वळखलं व्हतं. पळसदेवचे. त्यांच्या पोराच्या लग्नाचं मिक्सिंग मीच केल्तं. तुमी मांडवातनं तरातरा गेला, तेबी हाय त्यात. तुमच्या मागनं ते वेशीपतुर आल्ते, ताट घिऊन.”

मी थांबलो. “हे मला आधी का सांगितले नाही?”

“सांगून तुमी ऐकलं असतं व्हय?”

मी जिना उतरलो.

घरी आलो. पत्नी अंगणात होती. मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेलो आणि दार लावले. बोलायचे मुद्दे कागदावर लिहावेत असे मनात आले. एक ओळ लिहिली, ती बरी वाटली नाही. कागद फाडला आणि नंबर लावला. पलीकडे वाऱ्याचा आणि पाण्याचा आवाज होता. तो बहुधा होडीत असावा.

“कोण?”

“मी.”

वल्हे होडीत ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “बोल, दादा.”

“लग्नात माझी खुर्ची तू सरकवलीस.”

“उनात बसला व्हतास.”

“मला सांगायचे होते.”

“तू बोलत व्हतास व्हय माज्याशी?”

या प्रश्नाला नऊ वर्षांत मी अनेक उत्तरे तयार केली होती, आणि ती सर्व मला चांगली वाटत असत.

मी म्हणालो, “दिवाळीला ये. दोघेही या. व्हिडिओ पाहायचा आहे.”

“मी हाय का त्यात?”

“आहेस. एकेचाळीस ठिकाणी.”

“बाबो!” तो म्हणाला. त्याचे हसू मी ओळखले. लहानपणी झाडावरून पडला की तो तसा हसत असे. “मग रिकाम्या हातानं कसं यायचं? चिलापी आणू का? ताजी घावतीया.”

दिवाळीच्या चार दिवसांत आमच्या घरात मासळी शिजत नाही. तसे पत्रक मीच काढलेले आहे.

मी म्हणालो, “आण.”